समग्र वाङ्मयाचा खंड, भाग आणि पान झोटेरोत नेमकं कुठे लिहायचं?

रात्रीचं_टिपण:

नमस्कार. प्रबंधाचं तिसरं प्रकरण मागच्या आठवड्यात गाईडना वाचायला दिलं होतं. मॅडमनी परत करताना एकाच तळटिपेभोवती पेन्सिलीने गोल केला होता. बाजूला लिहिलं होतं, "हे पान पुन्हा बघ."

तळटीप अशी: गांधी, कलेक्टेड वर्क्स, खंड १०, पृ. २६०. संदर्भ 'हिंद स्वराज्य'चा. मॅडमकडे छापील दहावा खंड आहे. त्यांनी पान २६० उघडलं तर तिथे १९१० सालचा वेगळाच मजकूर. त्या खंडात 'हिंद स्वराज्य' पान ६ ते ६८ वर आहे. मी वाचत होते ती संगणकावरची प्रत, आणि तिच्यात ते २४५ ते ३१५ वर. खंडाचा आकडा दोन्हीकडे १०, म्हणून मला शंकाही आली नाही. त्यानंतर माझी झोप उडाली आहे, कारण आता कुठल्या तळटिपा कुठल्या प्रतीवरून आल्या तेच मला सांगता येत नाही. काही मी ग्रंथालयात बसून छापील खंडांवरून घेतल्या, काही घरी पीडीएफवरून.

एकूण मोजल्या. गांधींच्या १८७, आंबेडकरांच्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या ६४. सगळं झोटेरोत (संदर्भ साठवून तळटिपा आणि सूची काढून देणारी संगणक-प्रणाली) आहे, पण कसंही. गांधींची एक नोंद मी अख्ख्या संचाची केली आहे, शिवाय सात खंडांच्या वेगळ्या. आंबेडकरांच्या काही नोंदींत मालिकेचं नाव 'सिरीज'च्या रकान्यात आहे, काहींत पुस्तकाच्या नावात. सूची काढली की तोच ग्रंथ तीन रूपांत येतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नोंद संचाची करायची, खंडाची की आतल्या लेखाची? आंबेडकरांच्या १७व्या खंडाचे तीन भाग आहेत, प्रत्येक भाग वेगळं पुस्तक, तर 'भाग' लिहायला झोटेरोत रकाना कुठे आहे? आणि जे पान चुकलं ते पुढे चुकू नये म्हणून तुम्ही लोक काय करता? प्रबंध मराठीत आहे, तळटिपांची शैली शिकागो.


कोरा_कागद:

एवढा घोळ घालू नका. संचाची एकच नोंद ठेवा. वर्डमध्ये संदर्भ घालताना पानाच्या चौकटीत 10:260 असं टाका. शिकागो पानाआधी 'पृ.' लावत नाही, त्यामुळे खंड, अपूर्णविराम, पान असं नीट छापलं जातं. मी असंच केलं, कोणी हरकत घेतली नाही.


पान_शोधक:

वरची युक्ती बरोबर आहे, बहुखंडी ग्रंथासाठी शिकागोत खंड आणि पान असंच लिहितात. झोटेरोच्या चौकटीत 'व्हॉल्यूम' आणि 'पेज' हे दोन्ही पर्याय आहेत, पण एका वेळी एकच निवडता येतो. म्हणून पान निवडून आत 10:260 लिहिणं हाच सोपा मार्ग. फक्त तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण तुमचं 10:260 आत्तासुद्धा रूपाने निर्दोष आहे. चूक आहे ती आवृत्तीची. आधी तिच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण एका संशोधन-त्रैमासिकासाठी मी गेली अकरा वर्षं संदर्भ तपासतो आहे आणि समग्र वाङ्मयाच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

गांधींच्या इंग्रजी वाङ्मयाचे छापील खंड १०० आहेत, १९५८ ते १९९४ या काळात भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने काढलेले. पहिले ९० कालक्रमाने. मागाहून मिळालेलं साहित्य ९१ ते ९७ या पुरवणी खंडांत गेलं. ९८ आणि ९९ या सूची, १००व्यात प्रस्तावना. मग १९९९ साली सीडीवर जी प्रत आली तिचे खंड ९८. तिच्यात पुरवणीतला मजकूर उचलून मूळ कालक्रमात बसवला. साहजिकच सगळं सरकलं, आणि सगळीकडे सारखं सरकलं नाही. आत्मकथा छापील संचात ३९व्या खंडात आहे, सीडीच्या प्रतीत ४४व्या. तिथे निदान खंडाचा आकडाच वेगळा असल्याने कुणाच्या तरी लक्षात येतं. 'हिंद स्वराज्य' मात्र दोन्हीकडे दहाव्यातच राहिलं. छापील दहावा खंड नोव्हेंबर १९०९ पासून सुरू होतो, म्हणून ते अगदी सुरुवातीला येतं. सीडीचा दहावा ऑगस्ट १९०९ पासून, म्हणून मधोमध. तुमच्या मॅडमनी पान उघडून बघितलं हे फार चांगलं झालं.

तेव्हा पहिलं काम: झोटेरोत गांधींच्या संचाच्या दोन नोंदी करा, एक छापील आणि एक सीडीची. नावं सारखी, प्रकाशक सारखा, पण सीडीच्या नोंदीत 'एडिशन'च्या रकान्यात 'इलेक्ट्रॉनिक बुक', वर्ष 1999 आणि खंडसंख्या 98. छापीलच्या नोंदीत खंडसंख्या 100. वर्षाच्या रकान्यात 1958–1994 असं लिहून चालत नाही, झोटेरो त्यातलं पहिलंच वर्ष धरतो. त्यासाठी 'एक्स्ट्रा'च्या रकान्यात एक ओळ टाकायची: इश्यूड, मग अपूर्णविराम, मग 1958/1994. 'इश्यूड' हा शब्द रोमन लिपीतच हवा.

या दोन नोंदी कामापुरत्या. प्रबंध जाताना एकच राहिली पाहिजे. एकाच लेखनात एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांची पानं मिसळून वाचकाच्या हातात देणं मला मान्य नाही, मग सूचीत कितीही नीट खुलासा केलेला असो. तळटीप वाचणारा माणूस दर वेळी सूचीकडे जात नाही. तो कपाटाकडे जातो.

आता संच, खंड की लेख. मी एकच प्रश्न विचारतो: वाचक ग्रंथालयाच्या खिडकीवर जाऊन काय मागेल? गांधींचे तुमचे संदर्भ बऱ्याच खंडांतून विखुरलेले असणार. तिथे प्रत्येक खंडाची वेगळी नोंद केलीत तर सूचीत पानभर गांधीच गांधी होतील आणि वाचकाला त्यातून काही मिळणार नाही. संचाची एक नोंद, तळटिपेत खंड:पान, एवढं पुरे. आंबेडकरांचे ६४ संदर्भ बहुधा पाच-सहा खंडांतलेच असतील. तिथे खंडागणिक नोंद करा. मालिका १९७९ पासून निघते आहे, खंडांची वर्षं वेगळी, काहींचे संपादक वेगळे. संचाच्या एका नोंदीत ते मावत नाही.

लेखाची वेगळी नोंद कधी? जेव्हा त्या लेखाचं स्वतःचं वर्ष तुमच्या मांडणीत बोलतं. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६चं. तुम्ही '१९३६ मध्ये आंबेडकर म्हणतात' असं लिहिणार आणि तळटिपेत फक्त १९७९ दिसणार, हे बरं नाही. त्याची नोंद माझ्याकडे अशी आहे, सगळे रकाने लिहून देतो:

प्रकार: बुक सेक्शन. शीर्षक: अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट. लेखक: आंबेडकर. संपादक: वसंत मून. बुक टायटल: डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस. व्हॉल्यूम: 1. पाने: 23–96. स्थळ: मुंबई. प्रकाशक: शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन. वर्ष: 1979. भाषा: इंग्रजीचा कोड. एक्स्ट्रा: ओरिजिनल डेट, अपूर्णविराम, 1936 (हेही रोमन लिपीत).

'सिरीज'चा रकाना रिकामा आहे हे बघा. मालिकेचं नाव तिथे टाकायचा मोह सगळ्यांना होतो. पण सिरीज म्हणजे स्वतंत्र नावांच्या पुस्तकांची माळ. इथे 'रायटिंग्ज अँड स्पीचेस' हेच ग्रंथाचं नाव आहे आणि 1 हा त्याचा खंड. दोन्ही रकाने अदलाबदल करून भरले गेले म्हणूनच तुमच्या सूचीत एक ग्रंथ तीन रूपांत दिसतो आहे.

खंडाच्या आकड्याबद्दल एक सांगायचं राहिलं. रकान्यात 1 असा इंग्रजी आकडा लिहा, १ असा देवनागरी नको. शैलीची फाईल आधी तपासते की इथे संख्या आहे का, आणि असेल तरच 'खंड' हा शब्द पुढे लावते. देवनागरी आकडा तिला संख्या म्हणून ओळखता येत नाही. दोन नोंदींत खंड शब्द येतो आणि तिसरीत येत नाही, असं झालं की बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

भागांसाठी झोटेरोच्या पुस्तकाच्या नोंदीत मला सोयीचा रकाना मिळालेला नाही. मी व्हॉल्यूमच्या रकान्यात पूर्ण शब्दांत 'खंड 17, भाग 3' असं लिहितो. हा मजकूर नुसती संख्या नसल्याने शिकागोत त्याच्यापुढे पुन्हा 'खंड' लागत नाही. दुसरी शैली वापरत असाल तर एक पान काढून बघा. भाग टाळू मात्र नका. १७व्या खंडाच्या तिन्ही भागांना पान ५० आहे.


उलटा_स्लॅश:

झोटेरोत हे सगळं हाताने करावं लागतं याचं कारण असं की त्याला 'हा लेख त्या खंडात, तो खंड त्या संचात' हे नातं कळत नाही. 'रिलेटेड'मध्ये दोन नोंदी जोडता येतात, पण माहिती एकीतून दुसरीत उतरत नाही. पान_शोधक यांनी दिलेली नोंद घ्या. पहिल्या खंडातले चार लेख घेतले तर संपादक, प्रकाशक, वर्ष चार वेळा लिहायचं, आणि दुरुस्ती करायची तर चार वेळा करायची.

लेटेक (आज्ञा लिहून मजकूर जुळवण्याची प्रणाली) वापरत असाल तर तिच्या बिबलेटेक या संदर्भांच्या जोडणीत याची मुळातून सोय आहे. संचासाठी एमव्हीबुक हा नोंदप्रकार, खंडासाठी बुक, लेखासाठी इनबुक. लेखाच्या नोंदीत क्रॉसरेफ म्हणून खंडाची किल्ली (नोंदीचं ओळखनाव) द्यायची, खंडाच्या नोंदीत संचाची. बायबर हा त्याच्या सोबतचा प्रोग्राम चालवला की संचाचं शीर्षक लेखाच्या नोंदीत आपोआप मेनटायटल म्हणून उतरतं आणि खंडाचं बुकटायटल म्हणून. भागासाठी पार्ट हा स्वतंत्र रकाना आहे, तिथे काही शब्द जुळवावे लागत नाहीत. खंड आणि पान एकत्र द्यायला व्हॉलसाइट ही आज्ञा आहे: खंड वेगळा, पान वेगळं, मधलं चिन्ह शैली ठरवते.

एका गोष्टीत मी स्वतः दोन दिवस अडकलो होतो, म्हणून सांगतो. एकाच खंडाला दोन किंवा जास्त लेखांनी क्रॉसरेफ केलं की तो खंड न उद्धृत करताही सूचीत स्वतंत्र येऊन बसतो. ही चूक नाही. मिनक्रॉसरेफ्स नावाचं एक मूल्य आहे आणि ते मुळात २ असतं. ते ९९ करून टाका, नको असलेल्या नोंदी जातात.

आणि शॉर्टहँड, म्हणजे संक्षेप. इंग्रजीत गांधींच्या संचाला चार अक्षरी आद्याक्षरं आहेत, आंबेडकरांच्या मालिकेलाही चार. शॉर्टहँडच्या रकान्यात ती भरली की तळटिपेत तेवढंच येतं आणि सुरुवातीला संक्षेपांची यादी वेगळी छापता येते. १८७ तळटिपांमध्ये पूर्ण शीर्षक वाचायला लागू नये असं मला मनापासून वाटतं. झोटेरो सोडायचं नसेल तर बेटर बिबटेक ही जोडणी घाला, एक्स्ट्राच्या रकान्यातून शॉर्टहँड पाठवता येतं.


पान_शोधक:

उलटा_स्लॅश यांचं म्हणणं मान्य. नातं सांभाळण्यात बिबलेटेक पुढे आहे यात वाद नाही. पण मराठी प्रबंध लिहिणारे बहुतेक जण वर्डमध्ये लिहितात आणि गाईड वर्डमध्येच दुरुस्त्या करून पाठवतात. अर्ध्यावर साधन बदलायला मी कुणाला सांगणार नाही. मी झोटेरोत एक नोंद पूर्ण निर्दोष करतो, मग तिची प्रत काढून फक्त शीर्षक आणि पानं बदलतो. पहिली चुकली तर सगळ्या चुकतात, म्हणून पहिलीवर अर्धा तास घालवावा.


रात्रीचं_टिपण:

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. लेटेक मला आत्ता शक्य नाही. झोटेरोत काल रात्री बसून आंबेडकरांच्या नोंदी नव्याने केल्या. सहा खंड निघाले, अंदाज बरोबर होता. सिरीजचे रकाने रिकामे केले आणि सूचीतली तिन्ही रूपं एकदम एक झाली.

आता नवे प्रश्न. एक, तळटिपेत 'इबिड' (म्हणजे वरचाच ग्रंथ) आणि 'व्हॉल.' इंग्रजीत येतं. प्रबंध मराठीत आहे, मला 'तत्रैव' आणि 'खंड' हवं. दोन, माझ्या पीडीएफमध्ये मी जे पिवळं करून ठेवलं आहे ते टिपणात ओढलं की झोटेरो स्वतःहून पान लिहितो, आणि ते छापील पानाशी जुळत नाही. आंबेडकरांच्या एका खंडात वीस-बावीस पानांचा फरक आहे. ही आवृत्तीचीच भानगड का? तीन, एका निबंधात मी एपीए ही दुसरी शैली वापरते आहे, तिथे 10:6 टाकलं की आधी 'पी.' लागतो.


पान_शोधक:

दुसऱ्यापासून सुरू करतो, तो जास्त महत्त्वाचा.

हा आवृत्तीचा फरक नाही. स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफमध्ये मुखपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रम यांनाही १, २, ३ असे आकडे पडतात. छापील पुस्तकात मजकूर १ पासून सुरू होतो तेव्हा पीडीएफ बावीसवर पोचलेलं असतं. झोटेरो पीडीएफचा आकडा उचलतो. हे एकदाच दुरुस्त करता येतं. झोटेरोच्या वाचकात पीडीएफ उघडा, एखादं पिवळं केलेलं टिपण निवडा, त्याच्या डोक्यावरचा पानाचा आकडा बदला. बदलताना तो विचारतो की हा बदल एवढ्याच टिपणाला करायचा की पुढच्या सगळ्या पानांना. सगळ्यांना करा. त्याआधी छापील आकडा डोळ्यांनी वाचा, तो पानाच्या वर किंवा खाली स्कॅनमध्ये दिसतोच. मग पुस्तकाच्या शेवटाकडचं एक पान उघडून तिथेही जुळतो का बघा. मधे एखादा चित्रांचा पानगठ्ठा असेल तर फरक पुन्हा पडतो. आधी टिपणात ओढलेले आकडे मात्र या बदलाने सुधारतील असं धरू नका. ती टिपणं एकेक तपासा.

आता 'तत्रैव'. हे शब्द शैलीच्या फाईलमध्येच बदलता येतात. शैलीच्या फाईलची एक प्रत काढून तिला वेगळं नाव द्या, म्हणजे मूळ शैली अद्ययावत झाली तरी तुमची पुसली जाणार नाही. त्यात लोकेल नावाचा भाग असतो, नसेल तर घालता येतो. त्यात पानासाठी 'पृ.', खंडासाठी 'खंड', संपादकासाठी 'संपा.', इबिडसाठी 'तत्रैव' असे शब्द लिहायचे. एकच अडचण राहते: शैली एका भाषेची असते. इंग्रजी ग्रंथाच्या नोंदीतही 'संपा.' येईल. मराठी प्रबंधात ते चालतं, किंबहुना आमच्या त्रैमासिकात आम्ही तेच पसंत करतो, कारण वाचक मराठी आहे. आणि प्रत्येक नोंदीचा भाषेचा रकाना भरा. मराठी नोंदीत मराठीचा कोड दिला की झोटेरो तिच्या शीर्षकाला इंग्रजीचे मोठ्या-लहान अक्षरांचे नियम लावत नाही. देवनागरीत फरक दिसत नाही, पण मराठी शीर्षकं रोमन लिपीत लिहिली असतील तर लगेच दिसतो.

एपीएसाठी पानाची चौकट रिकामी ठेवा आणि सगळं 'सफिक्स'च्या (संदर्भाच्या शेवटी जोडायच्या मजकुराच्या) चौकटीत लिहा: स्वल्पविराम, खंड 10, पृ. 6. तिथे लिहिलेलं जसंच्या तसं छापलं जातं. शिकागोच्या तळटिपांत मात्र हे करू नका. 'तत्रैव' कधी लावायचं हे झोटेरो पानाच्या चौकटीवरून ठरवतो, सफिक्सकडे बघत नाही. पान बदललेलं त्याला कळणारच नाही.

आवृत्तीच्या भानगडीला एक जुना उपाय आहे, तोही सांगून ठेवतो. प्लेटोचा संदर्भ १५७८च्या आवृत्तीच्या पानांनी देतात, अ‍ॅरिस्टॉटलचा १८३१च्या. कांटच्या 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'चा ए आणि बी या आकड्यांनी, म्हणजे १७८१ आणि १७८७च्या आवृत्त्यांची पानं. वाचकाच्या हातात कुठलंही भाषांतर असो, जागा सापडते. गांधींच्या वाङ्मयाला असे आकडे नाहीत, पण त्याहून चांगली गोष्ट आहे: जवळजवळ प्रत्येक नोंदीला शीर्षक आणि तारीख आहे. तळटिपेत पानाबरोबर तेवढं लिहा. 'हिंद स्वराज्य'ची २० प्रकरणं आहेत, प्रकरणाचा आकडा द्या. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चे विभागही क्रमांकित आहेत. मग तुमचा वाचक कुठलीही प्रत उघडो.


उलटा_स्लॅश:

हे तारखेचं मी कधी केलं नव्हतं. माझ्या लेखात आजच घालतो.

एक भर: खंडात खंड असेल तिथे सांभाळा. मार्क्स-एंगल्सच्या ५० खंडांच्या इंग्रजी संचात 'कॅपिटल'चा पहिला खंड ३५व्यात आहे, दुसरा ३६व्यात, तिसरा ३७व्यात. व्हॉल्यूमच्या रकान्यात 35 जायला हवं आणि 'खंड पहिला' हे शब्द शीर्षकाचाच भाग म्हणून राहायला हवेत. उलट टोकाचं उदाहरण फ्रॉइडचं. २४ खंडांच्या संचात स्वप्नांवरचा ग्रंथ ४ आणि ५ मध्ये विभागला आहे, पण पानं सलग चालू राहतात. तिथे दोन नोंदी करायची गरज नाही, 4–5 लिहून एकच करावी.


रात्रीचं_टिपण:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. १८७ पैकी ४३ तळटिपा सीडीच्या प्रतीवरून आलेल्या निघाल्या. ओळखायची रीत अशी केली: प्रत्येक तळटीप छापील खंडात उघडून बघितली, तारीख जुळली नाही ती वेगळी काढली. मग तारखेवरून छापील खंडात शोधली. ४१ सापडल्या आणि बदलल्या. प्रत्येकीला आता तारीख आहे.

दोन पत्रं मात्र छापील संचात त्या तारखेच्या खंडात नाहीत. सीडीत आहेत, मी वाचली आहेत, माझ्या मांडणीला ती हवी आहेत. ती सोडून द्यावी लागतील का?


पान_शोधक:

सोडू नका. ती पुरवणीतली असणार. ९१ ते ९७ बघा. पुरवणी खंडांतही मजकूर कालक्रमाने आहे, तेव्हा आधी त्या वर्षाचा पुरवणी खंड कोणता ते मुखपृष्ठावरून काढा. पत्र कुणाला लिहिलं आहे ते माहीत असेल तर ९९व्या खंडातली व्यक्तिसूचीही उपयोगी पडेल.


रात्रीचं_टिपण:

दोन्ही सापडली! एकाच पुरवणी खंडात, एकमेकांपासून अकरा पानांवर. नोंद संचाचीच ठेवली, तळटिपेत पुरवणीचा खंड, पान आणि पत्राची तारीख. सीडीची नोंद झोटेरोतून काढून टाकली आणि सूची पुन्हा काढली. गांधींची एक ओळ, आंबेडकरांचे सहा खंड आणि तीन लेख. प्रकरण उद्या मॅडमकडे जातं आहे.